गरम पॅलेट

"पॅलेटबद्दल मला कोणी काही शिकवायची गरज नाही!" मुलाखतीला निघताना बाईंनी जिन्यातच जाहीर केलं, आणि तेही अशा आवाजात की वरच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं.

बाई म्हणजे चित्रकलेच्या बाई. शाळेने वेळापत्रकातून चित्रकला काढून टाकली आणि चित्रकलेबरोबर बाईंनाही. तेव्हापासून त्या घरीच होत्या. घरात काढण्यासारखं जे जे होतं त्याची चित्रं काढून झाली होती. सासूबाईंची तर इतकी झाली होती, की त्या बिचाऱ्या हल्ली भाजी निवडतानाही उजवा गाल पुढे करून बसायच्या. नवरा पोस्टात. तो काही बोलायचा नाही, पण रोज संध्याकाळी बुटांचे बंद सोडताना एक उसासा टाकायचा. बाईंना तो उसासा जेवणापर्यंत पुरायचा.

अशात कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर पाटी दिसली, 'पॅलेटची पारख असलेली अनुभवी व्यक्ती हवी.' बाईंच्या अंगावर रोमांच उभे राहिले. रंग कालवायची पॅलेट! ती तर त्यांच्या डाव्या हाताला जन्मल्यापासून चिकटलेली! रंगसाहित्य बनवणारी कंपनी असणार, दुसरं काय?

मुलाखत घ्यायला त्याच दुकानात एक जाडजूड मिशांचे साहेब बसले होते.

"पॅलेटचा अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पॅलेट हातात घेतल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही."

"हातात?" साहेबांनी बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई वाऱ्याने उडतील अशा. "म्हणजे उचलता तुम्ही?"

"डाव्या हाताने. उजवा कामाला लागतो ना!"

"एका हाताने! जड नाही होत?"

"सवय झाली की नाही होत. अंगठा भोकात घालायचा आणि बाकीची मनगटावर तोलायची. मी तासन्तास उभी राहते अशी. शाळेत तर सगळा दिवस!"

"शाळेत पॅलेट लागतात?"

"म्हणजे काय! पहिलीच्या मुलांपासून सगळ्यांना. मुलांना आपली हलकी, प्लास्टिकची. मी मात्र लाकडीच वापरते."

साहेब ग्लासभर पाणी प्यायले. "पहिलीची मुलं उचलतात," ते स्वतःशीच पुटपुटले. "आणि आमच्याकडे दोन-दोन धट्टेकट्टे गडी मिळून कण्हत उचलतात!"

"सवय नसेल त्यांना," बाई मायेने म्हणाल्या. "मी शिकवीन."

साहेब खुर्चीतून उठले, दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासूनच गोदामावर या. आठवडाभर काम बघतो, मग पक्कं करू. पण तुमच्यासारखं माणूस मी या धंद्यात पाहिलं नाही!"

हे शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई नवी साडी नेसून हजर झाल्या. मोठं थोरलं आवार. चहूकडे लाकडी फळ्यांच्या चौकटींचे डोंगर, एकावर एक रचलेले. कोणीतरी गावभरच्या खाटांचे पाय कापून त्या इथे आणून टाकल्यासारखं दिसत होतं. या पसाऱ्यातून वाट काढत बाईंनी फोर्कलिफ्टवर बसलेल्या एका पिकल्या केसांच्या माणसाला विचारलं, "काका, पॅलेट कुठे ठेवता हो तुम्ही?"

काकांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग डोंगरांकडे, मग परत बाईंकडे. "कुठे म्हणजे? तुम्ही त्यांच्यामध्येच उभ्या आहात की!"

बाईंनी डोंगरांकडे पुन्हा एकदा पाहिलं. रंगाची पॅलेट वेगळी आणि मालाखाली घालायची पॅलेट वेगळी! लिहायला एक, बोलायला एक, आणि वजनात म्हशीइतका फरक! या चौकटींवर खोकी, पोती, डबे रचायचे, खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे दोन लांब दांडे घालायचे आणि सगळं एकदम उचलायचं, अशी ही भानगड. आणि ही चीज आपण डाव्या हाताच्या अंगठ्यावर तोलतो असं आपण काल सांगून बसलो!

तोंड उघडून खरं सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण काल रात्रीच नवऱ्याने अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं होतं. उसासा न टाकता बूट काढले होते त्याने! सासूबाईंनी तर खालच्या मजल्यावर कळवलं होतं की सूनबाई आता "पॅलेटमधल्या मोठ्या" झाल्या. आता कुठल्या तोंडाने परत जायचं?

"बाई, कुठल्या काढू आधी?" काका ओरडले. "स्ट्रिंगरवाल्या का ब्लॉकवाल्या?"

यातला एकही शब्द बाईंनी कधी ऐकला नव्हता. पण इतकी वर्षं वर्गात उभं राहिलेलं माणूस ते. उत्तर येत नसलं की प्रश्न वर्गाकडे परत पाठवायचा, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला वाटतं, स्ट्रिंगरवाल्या."

"शाब्बास!"

तो सगळा दिवस बाईंनी 'तुम्हाला काय वाटतं' आणि 'शाब्बास' या दोनच वाक्यांवर काढला. संध्याकाळपर्यंत काका इतके खूश झाले की गुणगुणायला लागले.

घरी आल्यावर मात्र बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं ओकून टाकलं. नवऱ्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. सासूबाई मात्र भाजीची परात बाजूला सारून म्हणाल्या, "रडतेस काय? शब्दच आहेत ना? पाठ करायचे! सांग बघू, काय काय ऐकलंस?"

"आई, ते टू-वे आणि फोर-वे म्हणतात. टू-वेमध्ये दोनच बाजूंनी दांडे शिरतात, फोर-वेमध्ये चारही."

"म्हणजे फोर-वे हे आपलं घर. कुठूनही कोणीही शिरतं. पुढचा?"

"स्ट्रिंगर. खालून आडवी जाणारी लांब पट्टी. त्याच्यावरच सगळ्या फळ्या ठोकलेल्या असतात."

"तो मी. पुढचा?"

"रिव्हर्सिबल. उलटी केली तरी तशीच, दोन्हीकडून वापरता येते."

"तुझी चुलत नणंद! इथे बसून तुझी बाजू घेते, तिकडे जाऊन माझी. अजून?"

"विंग. वरच्या फळ्या दोन्ही बाजूंना जरा बाहेर आलेल्या असतात."

सासूबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत सासरे होते. त्यांचे कान फोटोच्या चौकटीत जेमतेम मावले होते. सासूबाईंनी पदराने फोटोवरची धूळ पुसली. बाईंच्या मात्र ध्यानात आलं आणि ते कायमचं राहिलं.

मग प्रात्यक्षिक झालं. दिवाणखान्यातलं बैठं टेबल झालं पॅलेट, त्यावर लोणच्याची बरणी आणि डाळीचे डबे झाले माल, आणि नवरा झाला फोर्कलिफ्ट. दोन झाडू हातात धरून तो गुडघ्यांवर रांगत आला.

"अहो, हे टू-वे आहे! त्या बाजूने नाही शिरणार!" बाई ओरडल्या.

"मग मागे वळायला जागा कुठंय?" नवरा म्हणाला आणि जोर करून त्याने झाडू घुसवले. टेबल एका अंगाने उचललं गेलं आणि सगळी डाळ त्याच्या डोक्यावर रिकामी झाली. बरणी सासूबाईंनी वरच्या वर झेलली म्हणून वाचली. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, तेव्हा सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "काही नाही, आमच्याकडे माल उतरतोय."

पण विद्या कामी आली! दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक दारात उभं राहून विंगवाल्या पॅलेट मागू लागलं. बाईंना शब्द कळला, त्या आनंदात त्यांची जीभ सैल सुटली.

"काका! सासऱ्यांच्या कानवाल्या काढा!"

काकांनी डोंगराकडे पाहिलं आणि ते बरोब्बर विंगवाल्या घेऊन आले. केबिनच्या खिडकीतून साहेबांनी हे ऐकलं. मोठ्या कंपन्यांत असंच म्हणत असावेत, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि मान डोलावली. डोलावताना उजवा खांदा धरून "आई गं" म्हणाले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब बाहेरगावी गेले आणि वाटेतून त्यांनी फोन केला. फोनमध्ये वारा, भोंगे आणि मधूनमधून साहेब.

"बाई! काचेच्या बरण्यांची ऑर्डर आहे! जहाजाने जाणार! संध्याकाळी ट्रक येईल! काकांना म्हणावं शेडमधल्या काढा!"

"हो साहेब!"

"आणि सगळ्या गरम हव्यात! कळलं का? गरम! थंड एकही जाता कामा नये! दुरून दिसलं पाहिजे की गरम आहे!"

फोन कट झाला. बाईंच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. गरम आणि थंड! तीन दिवस परक्या देशात हिंडणाऱ्या माणसाच्या कानावर अचानक मायबोली पडावी तसं त्यांना झालं. गरम रंग म्हणजे लाल, शेंदरी, नारिंगी, पिवळा. थंड म्हणजे निळा, हिरवा, जांभळा. पाचवीच्या मुलांनासुद्धा येतं हे! साहेबांना रंगाची इतकी जाण असेल असं त्यांना मिशांवरून वाटलं नव्हतं.

काकांनी शेडमधल्या पॅलेट काढून अंगणात मांडल्या. तोपर्यंत हार्डवेअरच्या दुकानातून तेलरंगाचे डबे येऊन पडले होते.

"बाई, हे काय?" काकांनी विचारलं.

"साहेबांचा हुकूम आहे. गरम करायच्या."

"पण या तर..." काका म्हणाले आणि थांबले. बाई जाणकार माणूस. परवाच त्यांनी आपल्याला दिवसभर शाबासकी दिली. उगाच मध्ये कशाला बोला?

आणि मग त्या आवारात जे झालं ते तिथे कधी झालं नव्हतं. बाईंनी पदर खोचला. हमालांच्या हातात एकेक रुंद ब्रश दिला. "एकाच दिशेने ओढा! खाली गडद, वर उजळ! सूर्य मावळताना पाहिलाय ना? तसं!" हमालही रंगात आले. एकाने तर शेंदरी आणि पिवळ्याच्या मधे अशी सुरेख छटा काढली की बाईंना वाटलं, हा शाळेत असता तर त्याला बक्षीस दिलं असतं. दुपारपर्यंत पॅलेट रंगवून एकावर एक रचून झाल्या. बाई चार पावलं मागे सरकल्या आणि डोळे बारीक करून पाहू लागल्या. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याच वेळी साहेबांची गाडी फाटकाशी आली. साहेबांनी काचेतून पाहिलं. शेडसमोर लाल, नारिंगी, पिवळं काहीतरी आभाळाला भिडलेलं!

"आग! आग लागली!"

गाडी चालू ठेवून साहेब बाहेर उडी मारून धावले. फाटकाशी वाळूच्या बादल्या टांगलेल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताने एक ओढली आणि फेकली. दुसरी फेकली. "साहेब, थांबा!" असं बाई ओरडेपर्यंत तिसरीही गेली होती. ओल्या तेलरंगावर सगळी वाळू जाऊन बसली, पुऱ्यांना रवा लागावा तशी.

साहेबांनी एक बोट पुढे केलं, पॅलेटला लावलं आणि नाकाशी नेलं.

"हा... रंग आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना, साहेब, गरम हव्यात," बाईंचा आवाज बारीक झाला. "थंड एकही नको."

"अहो, गरम म्हणजे भट्टीत तापवलेल्या!" साहेब किंचाळले. "लाकडातली कीड मरावी म्हणून तापवतात! आणि तापवली की कडेच्या ठोकळ्यावर तसा शिक्का डागतात! तो शिक्का दिसला नाही तर बंदरावर माल अडवतात! कुठंय शिक्का? दाखवा, कुठंय?"

शिक्का मावळत्या सूर्याखाली कुठेतरी होता.

बाई मटकन खाली बसल्या. आता लपवण्यात काही अर्थच उरला नव्हता. "साहेब, मी चित्रकलेची बाई आहे. ती पाटी वाचून मला वाटलं, रंगाची पॅलेट. ही असली पॅलेट मी परवा पहिल्यांदा पाहिली. मी उद्यापासून येत नाही. पण आज एवढं निस्तरून जाते."

साहेबांनी एक रिकामी बादली उलटी केली आणि ते बाईंच्या शेजारी तिच्यावर बसले.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही म्हणालात, एका हाताने उचलते..."

"रंगाची, साहेब. ताटलीएवढी असते."

"आणि अंगठा भोकात..."

"तिला भोक असतं अंगठ्यासाठी."

साहेबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, जशी घट्ट टोपी काढावी. "बाई, तुम्ही गेल्यावर मी इथे एकटा आलो होतो. म्हटलं, पहिलीची पोरं उचलतात, मी का नाही? फटीत अंगठा घातला आणि उचलायला गेलो. खांदा निखळता निखळता राहिला! बायकोला सांगितलं, न्हाणीघरात घसरलो. रोज शेक घेतोय. मला वाटलं, संपलं आता, म्हातारा झालो मी!"

"नाही हो साहेब, अजून तरुण आहात!" बाई कळवळून म्हणाल्या.

"खरंच?" साहेबांच्या मिशा थरथरल्या. ते हसताहेत की रडताहेत ते कळायला थोडा वेळ लागला. हसत होते.

"पण ट्रक येतोय ना, साहेब," काका मागून म्हणाले. "आणि बरण्यांच्या कंपनीच्या ताई तपासायला येतात त्याच्याबरोबर."

हसू जागच्या जागी गोठलं. पण बाई आता उठल्या होत्या. "रंग ओला आहे. डागलेला शिक्का काही पुसला जाणार नाही. टर्पेंटाइन आणा, आणि चिंध्या! जितक्या असतील तितक्या!"

हे मात्र बाईंचं राज्य होतं. वर्षानुवर्षं मुलांच्या गणवेशांवरून, बाकांवरून, एकदा तर मुख्याध्यापकांच्या टकलावरून त्यांनी तेलरंग काढला होता. त्यांनी हमालांना दाखवलं, कुठे टिपायचं, कुठे घासायचं नाही. साहेब डाव्या हाताने पुसत होते, काका फोर्कलिफ्टच्या गादीची खोळ फाडून देत होते. प्रत्येक ठोकळ्यावर चौकोनी खिडकी उघडावी तसा रंग निघत गेला आणि आतून काळाभोर शिक्का बाहेर डोकावला. शेवटची खिडकी उघडली आणि फाटकाशी भोंगा वाजला.

तपासणीच्या ताई खाली उतरल्या. गंभीर चेहरा, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या रचलेल्या पॅलेटभोवती एक फेरी मारून आल्या.

"या रंगीत का आहेत?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. बाई एक पाऊल पुढे आल्या.

"शिक्का दिसावा म्हणून," त्या म्हणाल्या.

ताईंनी वाकून पाहिलं. "खरंच की. एरवी मला तो शोधत गुडघ्यांवर रांगावं लागतं. इथे तर दारातूनच दिसतोय." मग त्यांनी एव्हाना उन्हाने सुकलेल्या वरच्या फळीवरून हात फिरवला. "आणि हे खरखरीत काय लावलंय?"

"बरण्या घसरू नयेत म्हणून!" साहेबांचा आवाज एकदम परत आला.

"उत्तम!" ताई म्हणाल्या. "इतका विचार कोणी करत नाही हल्ली. चढवा माल."

बरण्या चढल्या. दोऱ्या आवळल्या गेल्या. ट्रक निघताना साहेब ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. माल जहाजावर चढलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आज त्यांना जेवण जाणार नव्हतं.

बाई खिडकीशी जाऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, मग मी उद्या..."

"उद्या लवकर या!" साहेब म्हणाले. "तुमचं काम पक्कं. मात्र एक अट आहे. शब्द कळला नाही तर विचारायचा. मला विचारा, काकांना विचारा, गिऱ्हाइकाला विचारा, पण विचारा! माझा दुसरा खांदा तरी शाबूत राहू दे!"

ट्रक वळणाआड गेला. बाईंनी इतका लांब श्वास सोडला की शेजारचे काका दचकले. छातीवरून एक भरलेली पॅलेट कोणीतरी अलगद उचलून नेल्यासारखं वाटत होतं त्यांना. आता घरी जाऊन सगळं सांगायचं, पोटभर जेवायचं आणि गाढ झोपायचं.

तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला.

"हॅलो," एका तरुणाचा आवाज आला. मोठा रुबाबदार. "आमच्या कंपनीला स्किड हवेत. मिळतील का?"

'मिळतील की!' हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते दातांखाली दाबले. फोनवर हात ठेवून त्या ओरडल्या, "काका! स्किड म्हणजे काय हो?"

"कोण जाणे!" काका म्हणाले. "मी आपला उचलतो आणि ठेवतो. नाव विचारत नाही."

बाईंनी पुन्हा फोन कानाला लावला. विचारायचं म्हणजे विचारायचं! "माफ करा हं, मी इथे नवीन आहे. स्किड म्हणजे नेमकं काय असतं, ते जरा सांगता का?"

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली, दार लावलं. मग आवाज आला तो अगदी दबका, आणि त्यातला रुबाब पार गळालेला.

"बाई, मला वाटलं तुम्ही सांगाल. आमच्या साहेबांनी मागवायला सांगितले आणि मी हो म्हणून बसलो. मी पण नवीनच आहे."

"अगं बाई! आधी कुठे होतात?"

"तलावावर. पोहायला शिकवायचो," तो म्हणाला. "जाहिरातीत जहाजाचं काम असं लिहिलं होतं, म्हणून मी पोहायचे कपडे घेऊनच आलो होतो."